टर्बो गाडी ऑइल खाऊ लागली तर इंजिन खोलण्याची घाई नको

जुन्या मोटारींच्या बाजारात एक वाक्य नेहमी कानावर पडते : "गाडी ऑइल खाते, इंजिनचे काम निघाले." हे बोलायला मिस्त्रीला अर्धा मिनिट लागतो, पण मालकाच्या खिशावर त्याचा बोजा मोठा पडतो. गाडी टर्बोची असेल तर त्याला आणखी एक वाक्य जोडले जाते, "टर्बोही गेला." पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये चुकीची निघतात. आपल्या वाचकांत गॅरेज चालविणारे कारागीर आहेत, स्पेअर पार्टचे दुकानदार आहेत, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारेही आहेत. त्यांच्या उपयोगाचा म्हणून हा विषय घेतला आहे.

उदाहरणासाठी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही गाडी घेऊ. २००४ साली ती भारतात आली. टर्बो बसविलेल्या पेट्रोल मोटारींपैकी इथल्या बाजारात सुरुवातीला आलेल्या गाड्यांत तिचा नंबर लागतो. त्या वेळच्या औरंगाबाद शहराजवळ शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना होता, त्यामुळे मराठवाड्यातील अनेक कारागिरांचे हात ऑक्टाव्हियावर बसलेले आहेत. इंजिन १.८ लिटरचे, दीडशे अश्वशक्तीचे. प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन हवा आत घेणारे आणि दोन धूर बाहेर टाकणारे, म्हणजे चार सिलिंडरला एकूण वीस. शौकीन लोक आजही ही गाडी शोधून घेतात. पण तिचे वय आता पंधरा वर्षांच्या पुढे गेले आहे. नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते, तेव्हा धूर मारणारी गाडी अडचणीत आणते.

माझ्या भाच्याने अशी एक गाडी घेतली. सौदा करताना मागून धूर दिसला नव्हता. महिनाभरात डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरले, आणि वेग घेताना निळसर धूर दिसू लागला. एका गॅरेजने गाडी न खोलताच रिंग, बोअर आणि टर्बो असा तिहेरी खर्च सांगितला. आमच्या धंद्यात तागा मोजल्याशिवाय कमी भरला असे कोणी म्हणत नाही. म्हणून मी त्याला म्हटले, आधी मोजून घे.

मोजण्याची रीत साधी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करावी, इंजिन गरम झालेले असावे, बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे म्हणजे वरचे ऑइल चेंबरमध्ये उतरते. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा पाहावे आणि मापाच्या भांड्याने किती भरावे लागले ते लिहावे. खुणेच्या वर मात्र ऑइल भरू नये. जास्तीच्या ऑइलला क्रँक फेटते, त्याचा फेस होतो आणि ते ब्रीदरच्या नळीतून इंजिनातच जाऊन जळते. काही गाड्या ऑइल खातात त्याचे कारण एवढेच असते की मालक दर आठवड्याला धास्तीने ओतत राहतो. स्कोडाच्या वापर-पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालू शकतो असे सांगितलेले असते. भाच्याच्या गाडीचा खप सव्वा लिटर निघाला. म्हणजे दुखणे खरे होते, पण कुठे आहे ते अजून कळले नव्हते.

ऑइल दोनच वाटांनी जाते, बाहेर गळते किंवा आत जळते. गळतीचा तपास आधी करावा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. इंजिन धुऊन कोरडे करावे, संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवावी आणि चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवून पाहावी. जिथून ऑइल निघते तिथे पावडर ओली होते. या इंजिनात हेडच्या झाकणाचे पॅकिंग, कॅमच्या साखळीचा ताण धरणाऱ्या भागाखालचे पॅकिंग, ऑइल फिल्टर जिथे बसतो ती जागा आणि टर्बोतून ऑइल परत आणणाऱ्या पाइपचे तोंड, या चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. रात्री खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर काही पडले नाही म्हणून गळती नाही असे समजू नये. पुष्कळ गळती इंजिन चालू असताना, दाबाखाली होते, आणि थेंब गरम सायलेन्सरवर पडून तिथेच जळून जातो.

आत जळणाऱ्या ऑइलचा धूर निळसर असतो. काळा धूर जादा पेट्रोलचा आणि गोडसर वासाची पांढरी वाफ कूलंटची. रंगापेक्षाही धूर केव्हा येतो याकडे उस्ताद लोक जास्त पाहतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच एक फुगा येऊन धूर थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री ऑइल खाली उतरलेले असते. कसारा घाटासारखा लांब उतार गिअरमध्ये, पाय काढून उतरावा आणि खाली पोचल्यावर अ‍ॅक्सिलेटर दाबावा. तेव्हा धूर आला तर तेही बहुधा सील किंवा गाइडचेच काम असते, कारण उतारावर इंजिनची ओढ वाढते आणि सीलमधून ऑइल खेचले जाते. सिग्नलला दोन-चार मिनिटे उभे राहून निघताना धूर आला तर टर्बोचा संशय घ्यावा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण कमजोर सीलही असेच वागतात. जोर लावताना सतत धूर येणे ही रिंगची खूण मानली जाते. भाच्याच्या गाडीत हीच खूण होती आणि गॅरेजवाल्याने तीच धरली. एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही : टर्बो इंजिनात ब्रीदर बिघडला तरी धूर नेमका असाच येतो.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. कोणत्याही इंजिनात थोडा वायू रिंगच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर वाट हवी, नाहीतर आत दाब साठतो. साध्या इंजिनात ही वाट इनटेकमध्ये जाते, तिथे नेहमी ओढ असल्यामुळे वायू शोषला जातो. टर्बो इंजिनात अडचण अशी की जोर लावताना इनटेकमध्ये ओढ राहत नाही, उलट टर्बोने भरलेला दाब असतो. म्हणून त्या वाटेवर एकतर्फी व्हॉल्व्ह बसविलेला असतो. दाब आला की तो बंद होतो, आणि वायू दुसऱ्या वाटेने टर्बोच्या तोंडाकडे जातो. हा व्हॉल्व्ह आणि त्याच्या रबरी नळ्या इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षे भाजत राहतात. नळ्या तडकतात, मऊ पडून चिकटतात, व्हॉल्व्ह उघडाच राहतो. मग टर्बोचा दाब थेट चेंबरमध्ये शिरतो. तो दाब ऑइलचे तुषार ब्रीदरमधून टर्बोच्या तोंडात ढकलतो, प्रत्येक सीलवर जोर देतो आणि टर्बोतून परत येणारे ऑइलही अडवून धरतो. रिंग चांगली, टर्बो चांगला, तरी गाडी धूर मारते.

टर्बोची रचना माहीत असेल तर हे लवकर पटते. त्याची दांडी मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. तिथे रबरी सील टिकत नाही. पिस्टनच्या रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते आणि ती ऑइल अडवते ते मुख्यतः दोन्हीकडच्या दाबाच्या फरकामुळे. टर्बोत वरून दाबाने आलेले ऑइल खाली मात्र आपल्याच वजनाने उतरते. परतीचा पाइप कार्बनने अरुंद झाला किंवा चेंबरमध्ये दाब असला की ते उतरत नाही आणि रिंगच्या बाहेर पडते. नवा टर्बो बसवूनही धूर तसाच राहिल्याच्या कहाण्या गॅरेजमध्ये ऐकू येतात. त्यात पुष्कळदा हीच चूक असते.

आम्ही केलेल्या तपासाचा क्रम असा होता. प्रथम चारही प्लग काढले. एकच प्लग ऑइलने माखलेला असेल तर दोष त्याच सिलिंडरमध्ये शोधावा. आमचे चारही सारखेच ओले होते. म्हणजे ऑइल सर्वांना सामाईक असलेल्या हवेच्या वाटेनेच येत असण्याचा संभव जास्त. मग कॉम्प्रेशन मोजले. सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, चांगल्या बॅटरीवर. चारही सिलिंडरचे आकडे अकरा बारच्या आसपास आले, फरक अर्ध्या बारचा. अशा वेळी एकेका आकड्यापेक्षा आपसांतला फरक पाहावा. तीन बारपर्यंत फरक गेला तर इंजिन खोलण्याचा विचार करावा. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह. मात्र कॉम्प्रेशन चांगले आले म्हणजे रिंग निर्दोष ठरल्या असे नाही. वरच्या रिंग दाब धरतात, खालची ऑइल खरवडते. ती कार्बनमध्ये चिकटून बसली तर आकडे उत्तम येतात आणि ऑइल जळत राहते.

नंतर टर्बोच्या तोंडाची नळी काढली. इथे खरा निकाल लागतो. ऑइलचा पुसट थर नेहमीच असतो, त्याला घाबरू नये. टर्बोच्या आधीची नळी कोरडी आणि नंतरची ओली असेल तर ऑइल टर्बोतून येते. आमच्या गाडीत टर्बोच्या आधीच, ब्रीदर जोडला जातो तिथे, ऑइलचे डबके साचलेले होते. बोटाने दांडी हलवून पाहिली. आडवी किंचित ढिलाई असतेच, पण पंखा घराला घासता कामा नये आणि मागे-पुढे हालचाल जाणवता कामा नये. ती ठीक होती. शेवटी एकतर्फी व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून पाहिला. दोन्हीकडून हवा जात होती.

व्हॉल्व्ह, ब्रीदरच्या सगळ्या रबरी नळ्या आणि दाब सांभाळणारी चकती असा संच बदलला. इंटरकूलर काढून त्यात साचलेले ऑइल ओतून टाकले. हे केले नाही तर दुरुस्तीनंतरही कित्येक दिवस धूर येतो आणि मालकाला वाटते काम फुकट गेले. सगळ्याचा खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नाही.

ऑइलविषयी थोडे. खप कमी व्हावा म्हणून जाड ऑइल किंवा बाटलीतले औषध ओतण्याची पद्धत आहे. गाडी विकण्यापूर्वी तर हमखास. हा मालातला ऐब लपविण्याचा प्रकार झाला, आणि त्यात गाडीचेही नुकसान आहे. सकाळी थंड इंजिनात जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचते. या इंजिनाला फोक्सवॅगनच्या ५०२.०० या मानकाचे ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल योग्य आहे. याच कुळातील इंजिनात ऑइल गोठून काळा गाळ होण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की २००४ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन आणि ऑडीने पसाट व ए४ या गाड्यांच्या इंजिनची त्या दोषापुरती हमी आठ वर्षांपर्यंत वाढविली. म्हणून इतिहास माहीत नसलेली गाडी घेतली तर चेंबर उतरवून ऑइल शोषणारी जाळी साफ करून घ्यावी. फ्लशचे औषध टाकून हे काम करू नये. सुटलेला गाळ जाळीतच अडकतो आणि दाब जातो. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर गाडी आहे तिथे बंद करावी, "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" असे म्हणू नये. वेगाने आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करावे, नाहीतर तापलेल्या टर्बोत उभे राहिलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो आणि पुरवठ्याचा पाइप बुजतो. टर्बो बदलायचाच असेल तर हा पाइपही नवा घालावा.

आणि ऑइल जळतेच आहे, भरत राहू, असे म्हणून गाडी चालवीत राहणे महागात पडते. ऑइलातील जस्त व फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतात. शिवाय पेट्रोलबरोबर ऑइल जळाले की नॉकिंग वाढते, आणि टर्बोच्या दाबाखाली नॉकिंग म्हणजे पिस्टनच्या जिवाशी खेळ.

दुरुस्तीनंतर भाच्याने पुन्हा हजार किलोमीटर मोजले. खप ३०० मिलिलिटरवर आला. वेग घेतानाचा धूर गेला, पण सकाळचा एक फुगा अजून येतो, म्हणजे व्हॉल्व्हचे सील म्हातारे झाले आहेत. ते हेड न उतरवता बदलता येतात. सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचे आणि एकेक सील काढायचा. पण त्यासाठी टायमिंग बेल्ट आणि दोन्ही कॅम काढावे लागतात, आणि सील वीस आहेत, म्हणजे मजुरी दोन दिवसांची. बेल्टची मुदत पुढच्या वर्षी भरते. तेव्हा बेल्ट, पाण्याचा पंप आणि सील एकाच मजुरीत करायचे ठरले आहे. तोवर मापाचे भांडे आणि वही डिकीत ठेवलेली आहे.