वेग ठरवावा एकाने, नोंदवावा दुसऱ्याने

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात जुने यंत्र, हिशेबाचा नवा संगणक आणि फाटकावरचा कॅमेरा ही तिन्ही एकाच स्विचला जोडलेली असली, तर त्या लहानशा पेटीला प्रत्येक पोर्टावर निराळा वेग सांभाळावा लागतो. कारण अशी उपकरणे तारेने जोडणाऱ्या इथरनेट या पद्धतीचा प्रमाणित वेग १९८३ साली सेकंदाला १० मेगाबिट होता, तो १९९५ मध्ये १०० झाला, १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरही १००० झाला, आणि २०१६ मध्ये १००० व १०,००० यांच्या मधले २५०० व ५००० हे टप्पेही त्यात दाखल झाले.

केबल जोडताच दोन्ही टोके सूक्ष्म स्पंदनांनी आपापले सामर्थ्य परस्परांस कळवतात आणि उभयतांस झेपेल असा सर्वोच्च वेग मुक्रर होतो. एका टोकावर मात्र कोणी १०० चा वेग व एकाच वेळी दुतर्फा वाहतूक हट्टाने लादली, तर दुसऱ्यास वेग ओळखता येतो, पण वाहतूक एकाच वेळी दुतर्फा आहे हे उमगत नाही, आणि तो एका वेळी एकच दिशा गृहीत धरतो. पोर्टावरचा जोडणीचा दिवा लागलेला राहतो आणि संदेश गहाळ होत राहतात.

ठरलेला वेग स्विचमधील चिपला कळवणे हे ड्रायव्हर या आज्ञावलीचे काम. मार्वेल या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एका स्विच-मालिकेत पोर्टाच्या रजिस्टरातील दोन बिट वेग दर्शवतात: ० म्हणजे १०, १ म्हणजे १००, २ म्हणजे १०००, ३ चा अर्थ मात्र काही चिपांत ‘वेग लादू नये’ असा, तर काहींत १०,००० असा. अशा विसंगती सांभाळता सांभाळता ड्रायव्हरने वेगाचा निर्णयही स्वतःच घ्यायचा म्हटले, की अटींचे जंजाळ माजते आणि तीच चूक निरनिराळ्या ड्रायव्हरांत निरनिराळ्या रूपाने उद्भवते.

म्हणून लिनक्स या संगणकप्रणालीत २०१७ साली वेगाचा निर्णय सांभाळणारा फायलिंक हा सामाईक विभाग आला, आणि २०२० मध्ये जोडणी सुरू झाल्याच्या सूचनेबरोबरच निश्चित झालेला वेग ड्रायव्हरच्या हाती देण्याची तजवीज झाली. मामलेदार कचेरीतील कारकुनाने हुकूम दप्तरात नोंदवावा, स्वतः हुकूम काढू नये, तशी ही अधिकारांची वाटणी आहे. चिपांमधील भेद तिने नाहीसे होत नाहीत. ते एका कोष्टकात स्थिरावतात, आणि उद्या नव्या वेगाची चिप आली तर निर्णयाच्या व्यवस्थेला हात न लावता त्या कोष्टकात एक ओळ वाढवली की बहुधा भागते.