गुलाबी गोंगाटाची परीक्षा

लग्नसराईत आमच्या पाचोडला या. मांडवात स्पीकर बांधून झाला की ऑपरेटर माइकवर टिचकी मारतो, ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणतो आणि झाली परीक्षा! पुढे भाषण सुरू होते, तेव्हा मागे बसलेल्या आजोबांना नुसते घुमणे ऐकू येते. शब्द कळत नाहीत. असे का व्हावे? ‘हॅलो’ या एका शब्दात ऐकू येणाऱ्या ध्वनींपैकी थोडेच ध्वनी असतात. खरी परीक्षा घ्यायची तर जाड-बारीक सगळे ध्वनी एकदम वाजवायला हवेत.

रेडिओवर दोन केंद्रांच्या मध्ये जी खरखर ऐकू येते, ती साधारण अशीच असते. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात, तसा हा ‘पांढरा रव’. रव म्हणजे गोंगाट. यात प्रत्येक हर्ट्‌झला सारखीच ऊर्जा मिळते. पण आपला कान हर्ट्‌झ मोजत नाही, सप्तके मोजतो. पेटीवर एका ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत गेलात की वारंवारता दुप्पट होते. १०० ते २०० हर्ट्‌झ हे एक सप्तक आणि ५,००० ते १०,००० हेही एकच सप्तक! मात्र पहिल्याची रुंदी १०० हर्ट्‌झ, तर दुसऱ्याची ५,०००. म्हणजे पांढऱ्या रवात वरच्या सप्तकाला पन्नासपट ऊर्जा मिळते. बारीक आवाज काढणारा नाजूक ट्वीटर अशाने जळूही शकतो.

यावर उपाय सोपा आहे. वारंवारता दुप्पट झाली की दर हर्ट्‌झची ऊर्जा निम्मी करायची, म्हणजे सप्तकामागे ३ डेसिबेल उतार द्यायचा. मग २० ते २०,००० हर्ट्‌झमधल्या सुमारे दहाही सप्तकांना सारखा वाटा मिळतो. प्रकाशात तांबड्या बाजूला असेच झुकते माप दिले तर गुलाबी छटा येते. म्हणून हा ‘गुलाबी रव’. ऐकायला तो दूरच्या धबधब्यासारखा लागतो. तो वाजवून प्रत्येक सप्तक माइकने मोजले की स्पीकर कुठे कमी पडतो आणि सभागृह कुठे घुमते, ते लगेच दिसते.

नवा स्पीकर काही तास गुलाबी रवावर ‘मोकळा’ करावा, असेही सांगतात. त्यात तथ्य आहे. शंकूला धरणारी कडा आणि घडीदार चकती सुरुवातीला ताठ असतात. हालचालीने त्या सैलावतात आणि शंकूची नैसर्गिक वारंवारता थोडी उतरते. पण आवाज सुधारल्यासारखा वाटतो तो स्पीकरमुळे, की आपला कान सरावल्यामुळे?

हे तुम्हीच शोधा. एकाच बनावटीचे दोन नवे स्पीकर घ्या. एक रवावर चालवा, दुसरा खोक्यातच ठेवा. चाललेला स्पीकर पूर्ण थंड होऊ द्या, कारण तापलेल्या कॉइलचा रोध वाढतो. मग दोन्ही पडद्याआड ठेवून मित्रांना वीस वेळा ओळखायला लावा. दहाच्या आसपास उत्तरे बरोबर आली, तर ती नाणे उडवल्यासारखी समजा!

आवाज मात्र बेताचा ठेवा. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. आजोबांना शब्द ऐकवायचे आहेत, त्यांचे कान बधिर करायचे नाहीत.