वाळलेल्या थेंबाची साक्ष

तत्त्वज्ञानाच्या माणसाने रक्तचाचणीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण एका गोष्टीवरून दुसरीचं ज्ञान कसं होतं, हा तर आमच्या न्यायशास्त्राचा जुना प्रश्न आहे.

१९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेचं रक्त फिल्टर पेपरवर वाळवून फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार ओळखण्याची पद्धत मांडली. पुढे तीच युक्ती औषधाचं प्रमाण मोजायलाही वापरात आली. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला टॅक्रोलिमस घ्यावं लागतं. रक्तात ते कमी पडलं तर शरीर नवं मूत्रपिंड नाकारतं, जास्त झालं तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करतं. अशा माणसाला दर वेळी गावाहून शहरात न येता बोटाचा थेंब टपालाने पाठवता आला, तर केवढी सोय!

आता अडचण पाहा. प्रयोगशाळेत त्या डागातून साधारण तीन मिलिमीटरची टिकली कापतात आणि धरून चालतात, की एवढ्या टिकलीत रक्त एवढं. नैयायिक इथे लगेच थांबवतील. ‘विस्तव आहे म्हणून धूर आहे’ हे अनुमान जळण ओलं असेल तरच खरं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. ही जी दडलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. आपल्या टिकलीची उपाधी म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते. पेशी कमी असल्या की रक्त पातळ, डाग पसरतो, टिकलीत रक्त कमी येतं. म्हणजे पांडुरोगी रुग्णाचं औषध आहे त्याहून कमी दिसणार, आणि डॉक्टर डोस वाढवणार!

यावर उपाय निघाला: ठरावीकच रक्त शोषणारं स्पंजासारखं टोक, दहा किंवा वीस मायक्रोलिटरचं. टोक सगळंच्या सगळं वापरायचं, कापाकापी नाही. प्रश्न मिटला असं वाटलं. मिटला नाही, जागा बदलून बसला. रक्त मोजून आत गेलं खरं, पण औषध बाहेर किती येतं? पेशी जास्त असलेलं रक्त सुकलं, की त्यातली प्रथिनं छिद्रांत घट्ट बसतात. त्यावर थेट मिथेनॉल ओतलं तर ती आणखी गोठतात आणि औषध आतच कोंडलं जातं. म्हणून आधी थोडं पाणी घालून वाळलेलं रक्त सुटं करायचं, हलवायचं, मग मिथेनॉल. साधीच गोष्ट, पण हिमॅटोक्रिटचा परिणाम बराच उतरतो.

खरी मेख पुढेच आहे. मोजमापात चूक होऊ नये म्हणून त्याच औषधाचा, काही अणू जड समस्थानिकांचे असलेला जुळा भाऊ ठरलेल्या प्रमाणात मिसळतात. वाटेत जे नुकसान औषधाचं, तेच जुळ्याचं. गुणोत्तर बिघडत नाही. पण हा जुळा बहुधा मिसळतात कुठे? बाहेर काढणाऱ्या द्रावणात! तो रक्ताबरोबर वाळलेलाच नाही, छिद्रांत अडकलेलाच नाही. ज्या प्रवासाला तो गेलाच नाही, त्याची साक्ष तो काय देणार? आत औषध अडकून राहिलं तरी आकडा नीटनेटकाच येतो, आणि मला विचाराल तर वेड्यावाकड्या आकड्यापेक्षा हा जास्त धोक्याचा. काही ठिकाणी जुळा आधीच डागावर फवारतात. त्याने फरक पडतो, पण तोही पेशींच्या आत कधी गेलेला नसतो.

तेच टोक दुसऱ्यांदा धुऊन पाहिलं, तर मागे काय राहिलं होतं याचा अंदाज येतो. दुसऱ्या धुण्यातही जे सुटत नाही, त्याचा नाही. म्हणून त्याच रुग्णाचं, त्याच वेळी शिरेतून घेतलेलं ओलं रक्त शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं. त्यात पांडुरोगी रुग्ण हवेत, दाट रक्ताचे हवेत, आणि टपालात चार-आठ दिवस पडून राहिलेले थेंबही हवेत. ताज्या रक्तात औषध मिसळून तासाभरात केलेल्या चाचणीवर ते भागत नाही.