हृदयाभोवती पाणी साचते तेव्हा

'छातीत पाणी झाले' म्हटले की बहुतेकांना फुफ्फुसाभोवतीचे पाणी आठवते. पण असे पाणी हृदयाभोवतीही साचते आणि कधी कधी काही तासांतच जिवावर बेतते.

हृदयाभोवती पेरिकार्डियम नावाचे दुपदरी आवरण असते. या दोन पदरांत एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, विषाणूसंसर्ग किंवा छातीवरील वार यांमुळे तेथे जास्तीचे पाणी किंवा रक्त साचते. भारतात क्षयरोग हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

येथे पाणी किती साचले, यापेक्षा ते किती वेगाने साचले, हे महत्त्वाचे. काही आठवड्यांत हळूहळू लिटरभर पाणी जमले, तरी आवरण ताणले जाते आणि रुग्ण तग धरतो. मात्र अचानक २०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर रक्त साचले, तरी हृदय दाबले जाते. त्यात पुरेसे रक्त भरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. यालाच कार्डियाक टॅम्पोनेड म्हणतात.

अशा रुग्णाला दम लागतो, धडधडते, हातपाय गार पडतात, ग्लानी येते. कमी रक्तदाब, मानेच्या फुगलेल्या शिरा आणि हृदयाचे क्षीण ऐकू येणारे ठोके या तीन खुणा अमेरिकी शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये सांगितल्या. त्या तिन्ही प्रत्येक रुग्णात दिसतातच असे नाही. टू-डी इको तपासणीत मात्र काही मिनिटांत उलगडा होतो.

दम लागतो म्हणून घरीच लघवीची गोळी देणे येथे घातक ठरू शकते. हृदयात येणारे रक्त त्याने आणखी घटते. खरा उपचार म्हणजे पाणी काढणे. जागा बधिर करून, इकोवर पाहत, छातीच्या मधल्या हाडाखालून किंवा बरगड्यांमधून सुई घालतात. सुरुवातीचे ५० मिलिलिटर निघाले तरी रक्तदाब सावरू लागतो. मग बारीक नळी ठेवून उरलेले पाणी काढतात. वार झाला असेल किंवा महाधमनी फाटली असेल, तर शस्त्रक्रियाच लागते.

पाणी काढल्याने जीव वाचतो, मूळ आजार जात नाही. क्षयरोग असेल तर किमान सहा महिने औषधे घ्यावी लागतात. ती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

क्षयरोग, कर्करोग किंवा डायलिसिसच्या रुग्णाला एकाएकी दम लागून भोवळ आली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि इकोची सोय असलेले रुग्णालय गाठावे.