द्राक्षातले औषध आणि विजेची पारख

द्राक्षवेलीवर बोर्डो मिश्रण फवारले की मोरचुदाचे निळसर डाग पानांवर दिसतात. कार्बेन्डाझिमचे तसे नाही. भुरी, करपा यांवर वापरले जाणारे हे बुरशीनाशक झाडाच्या आत शिरते. मग घड कितीही धुवा, आत गेलेला अंश काही निघत नाही. तो आहे की नाही, हे ओळखावे कसे?

हे काम वीज करू शकते. 1922 साली प्राग शहरात यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी द्रावणात पाऱ्याचे थेंब ठिबकत ठेवून विजेचा दाब हळूहळू वाढवत नेला. निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या दाबाला जागे होतात, हे त्यांना दिसले. या शोधाला 1959 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्बेन्डाझिमसाठी पाऱ्याऐवजी बहुधा कार्बनची कांडी घेतात. शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावे, की पेन्सिलीतले ‘शिसे’ हे शिसे नव्हेच. तो कार्बनचाच एक प्रकार आहे आणि त्यातून वीज वाहते. द्राक्षे वाटून, त्यांतले औषध द्रावकात उतरवून, त्या द्रावणात ही कांडी थोडा वेळ बुडवून ठेवायची. औषधाचे रेणू तिच्यावर येऊन बसतात. मग दाब वाढवायचा. ठराविक दाबाला ते रेणू आपले इलेक्ट्रॉन सोडतात, प्रवाह एकदम वाढतो आणि आलेखावर टेकडी उमटते. औषध जितके जास्त, तितकी टेकडी उंच.

इथे एक अडचण आहे, बरं का. द्राक्षाच्या सालीतले इतर पदार्थही इलेक्ट्रॉन सोडतात. म्हणून त्याच रसात माहीत असलेले माप मिसळून टेकडी किती चढली ते पुन्हा पाहतात. काट्यावर खात्रीचे वजन ठेवून बघावे तसे. एवढे करूनही शंका उरली, तर मोठ्या प्रयोगशाळेतली क्रोमॅटोग्राफीच खरी.

मोजायचे तरी किती, म्हणाल? युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून फक्त एक ग्रॅम औषध टाका, एवढे ते! प्राण्यांवरील प्रयोगांत कार्बेन्डाझिमचे गर्भावर दुष्परिणाम दिसले आहेत, म्हणून ही बारकाई.

युरोपला जाणारी द्राक्षे तपासून जातात. आपल्या बाजारातला घड आणि बागेलगतच्या विहिरीचे पाणी मात्र क्वचितच तपासले जाते. रक्तातली साखर पाहायची पट्टी आपण दवाखान्यात पाहिली असेल. तीही विजेवरच चालते. तशीच औषधाचा अंश दाखवणारी स्वस्त पट्टी करण्याची खटपट संशोधक करीत आहेत. ती गावात आली, तर मोठा उपयोग होईल.

नमुना मात्र एका घडाचा घेऊ नका. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. बांधाकडच्या ओळीतले, मधल्या ओळीतले, पानाआड दडलेले, असे सगळीकडचे थोडे थोडे मणी घ्या.