कूलरचे उरलेले पाणी आणि परसबाग

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि घरोघरी कूलर घरघरू लागतात. टाकी धुताना तळाचे पाणी फेकायचे कशाला, म्हणून ते तुळशीला किंवा मोगऱ्याला घातले जाते. काटकसर चांगलीच, पण या पाण्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.

समजा, टाकीत एकूण २५० लिटर पाणी ओतले. त्यातले २०० लिटर उडून गेले, ५० उरले. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. काही कूलरच्या गवतावर पांढरे पापुद्रे होऊन बसतात. ते सोडले, तर उरलेले पाणी जवळजवळ पाचपट खारे झालेले असते.

बागेच्या वाफ्यातही हेच चालते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत, भूजल मुळातच खारे आहे. लिटरमागे २ ग्रॅम क्षार असलेले पाणी रोज १० लिटर घातले, तर ६० दिवसांत १२०० ग्रॅम क्षार वाफ्यात येतात. ते धुऊन नेणारा पाऊस उन्हाळ्यात नसतो. मातीतले पाणी खारे झाले, की परासरणाच्या नियमाने मुळांना ते शोषणे अवघड होते. पानांच्या कडा करपतात. आपण म्हणतो, ‘ऊन लागले’, आणि आणखी पाणी घालतो!

दुपारी जास्वंदीने मान टाकली, तरी घाई नको. पानांतून पाणी उडण्याचा वेग त्या वेळी मुळांना गाठता येत नाही, इतकेच. झाड सकाळी ताठ दिसले, तर पाण्याची निकड नाही. सकाळीही मलूल असेल, तर बोट मातीत खुपसून पाहावे. खाली ओल असूनही झाड मलूल असेल, तर क्षार वाढले असावेत किंवा हवेअभावी मुळे गुदमरली असावीत.

खाऱ्या पाण्यात सोडियम जास्त असेल, तर आणखी एक संकट येते. वऱ्हाडच्या काळ्या मातीतील चिकणकण पाण्याने फुगतात आणि सुकले की आकसतात. उन्हाळ्यातल्या भेगा त्याच्याच. या कणांना सोडियम चिकटला, की ते एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली छिद्रे बुजवतात. गंमत अशी, की पाण्यात क्षार भरपूर असेपर्यंत हे फारसे जाणवत नाही. पावसाचे गोडे पाणी पडले, की माती लोण्यासारखी होते आणि पाणी वर तुंबते.

हे वर्गात पाहता येते. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी काचेच्या पेल्यात घ्या, त्यात वाफ्यातले वाळलेले छोटे ढेकूळ अलगद सोडा आणि पेला न हलवता काही तास ठेवा. ढेकूळ नुसते विरघळून पडले, तर चिंता नाही. भोवती दुधाळ ढग पसरला, तर सोडियमची शंका घ्यावी.

अशा वाफ्यात मृगाआधी जिप्सम मिसळावे. हेक्टरी अडीच टन, म्हणजे चौरस मीटरला पाव किलो. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. वरून तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार चार बोटे पसरावे; बाष्पीभवन घटते आणि क्षार वर कमी येतात. मात्र उताराच्या बाजूने चर हवाच, नाहीतर सुटलेला सोडियम पावसातही तिथेच राहतो.