वीज झाडाची, सूर कुणाचे?

मनीप्लँटच्या पानाला दोन चिमटे लावायचे, तारा एका डबीला जोडायच्या, की ‘झाडाचं गाणं’ सुरू. असली यंत्रं हल्ली सहज मिळतात आणि माझा त्यांच्यावर जुना राग आहे. पानाची विद्युतवाहकता सतत थोडीथोडी बदलत असते. डबी तो बदल मोजते आणि आधीच निवडून ठेवलेल्या स्वरांत बसवते. म्हणून झाड कधी बेसूर होतच नाही!

झाडात वीज खेळते, यात वाद नाही. डार्विनच्या सूचनेवरून जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ साली माशी पकडणाऱ्या डायोनियाच्या पानात ती मोजली होती. गंमत पुढे आहे. जून १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस लंडनच्या रॉयल सोसायटीत साध्यासुध्या झाडांचे विद्युत-प्रतिसाद दाखवायला उभे राहिले, तेव्हा आडवे आले ते हेच गृहस्थ. साधी झाडं असं काही करत नाहीत, आणि भौतिकशास्त्राच्या माणसाने शरीरक्रियाशास्त्रात शिरू नये, असा एकूण सूर. निबंधाच्या शीर्षकातून ‘प्रतिसाद’ काढून ‘काही भौतिक क्रिया’ असं घाला, अशीही सूचना झाली. बोस बधले नाहीत. निबंध छापायचा राहिला आणि सोसायटीच्या दप्तरात जाऊन पडला.

बोसांनी मग असं यंत्र केलं की झाडाने आपली नोंद आपणच करावी. लाजाळूच्या पानाची ताकद ती किती! काजळी धरलेल्या काचेवर सुई सतत टेकून राहिली तर घर्षणानेच अडायची. म्हणून त्यांनी सुई कंप पावती ठेवली. ती क्षणभर टेकायची, सुटायची, आणि काचेवर ठिपक्यांची ओळ उमटायची. ठिपके ठरावीक अंतराने पडत असल्यामुळे वेळही आपोआप मोजली जाई.

इतक्या काटेकोरपणानंतर न्यूयॉर्कचे क्लीव्ह बॅक्स्टर वाचवत नाहीत. १९६६ साली त्यांनी ड्रसीनाला लाय डिटेक्टर लावला आणि पान जाळायचा नुसता विचार मनात आल्याबरोबर सुई उडाली, असं जाहीर केलं. पुढे म्हणाले, उकळत्या पाण्यात इवले जलजीव मेले की शेजारच्या फिलोडेंड्रॉनला कळतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या तिघांनी हा प्रयोग पुन्हा केला. काही वेळा जीवांशिवाय नुसतंच पाणी ओतून पाहिलं. झाडांना फरक पडला नाही. १९७५ मध्ये ‘सायन्स’ने ते छापलं, पण झाडांच्या गुप्त आयुष्यावरचं टॉम्पकिन्स-बर्ड यांचं पुस्तक त्याआधीच घरोघरी पोचलं होतं.

त्यापेक्षा मला क्रिस्ता सॉमरर आणि लोराँ मिन्योनो यांची १९९२ सालची कलाकृती प्रामाणिक वाटते. सॉमरर वनस्पतिशास्त्र शिकलेल्या. समोर पाच खरी झाडं. हात जवळ नेला, की माणसाच्या अंगातल्या आणि झाडातल्या विजेचा फरक मोजला जातो आणि त्यावर पडद्यावर संगणकातली झाडं वाढतात. खरं झाड इथे अँटेना. ते बोलतंय, गातंय असा दावा नाही. पाचांतला एक निवडुंग. त्याच्याकडे हात गेला, की पडद्यावर वाढवलेलं सगळं रान पुसलं जातं आणि पुढच्या माणसाला पहिल्यापासून लावायला घेता येतं.